व्हर्बल १४७ ते १५६: एका जीआरईचं पोस्टमॉर्टेम

आधीच सांगते, मी क्लास वगैरे घेत नाही. दोनदा जीआरई, म्हणजे परदेशात मास्टर्सला प्रवेश घ्यायला लागते ती परीक्षा, दिलीये, दुसऱ्यांदा बरी गेली, तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी दर वर्षी अडलं की माझ्याकडे पाठवतात. तर गेल्या खेपेला माझ्या जुन्या कलीगची धाकटी बहीण आली. नोकरी करते, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, आणि मास्टर्स करायचंय पब्लिक पॉलिसीमध्ये. म्हणजे वाचन आणि लिखाण हाच धंदा होणार पुढे. तिची परवानगी घेऊन लिहितेय, नाव तेवढं नको म्हणाली.

पहिल्या अटेम्प्टला तिला क्वांट, म्हणजे गणिताचा भाग, १६३ आणि व्हर्बल, म्हणजे इंग्लिश भाषेचा, १४७. दोन्हीचं स्केल १३० ते १७० आणि एकेक मार्काने सरकतं, म्हणजे १४७ हा दिसतो तेवढा मध्यावर नाहीये. शिवाय व्हर्बल आणि क्वांटचे पर्सेंटाइल वेगवेगळे, क्वांटला १६० पडले तर भरपूर लोक तुमच्या पुढे असतात, व्हर्बलला त्याच १६० वर तुम्ही बऱ्यापैकी वर असता. इंजिनीअरिंगवाल्यांचं क्वांटवर भागून जातं, हिचं भागणार नव्हतं, कारण पॉलिसीवाले व्हर्बल आणि निबंधाचा स्कोअर आधी बघतात असं तिला सिनियर्सनी सांगितलं होतं.

मग तिने काय केलं तर जे सगळे करतात तेच. वर्डलिस्ट. कुठल्याशा चुलतभावाकडून आलेली, अकराशे शब्दांची, तीन महिने फ्लॅशकार्ड, सकाळी प्रवासात, रात्री झोपताना, सुट्टीच्या दिवशी आख्खा दिवस. आणि शब्द खरंच पाठ झाले होते हो, मी उलटसुलट विचारून बघितलं. गॅरुलस? वाचाळ. लॅकॉनिक? मोजकं बोलणारा. प्युसिलॅनिमस? भित्रा, भागूबाई. अलॅक्रिटी? तत्परता. एक चुकली नाही. आणि एवढं करून पॉवरप्रेपचा, म्हणजे जीआरईवाल्यांच्याच सराव परीक्षेचा, दुसरा मॉक दिला त्यात व्हर्बल किती, १४९. तीन महिने, अकराशे शब्द, दोन मार्क.

"ताई, माझं इंग्लिशच कच्चं आहे बहुतेक," हे तिचं पहिलं वाक्य. म्हटलं टोफलला किती? तर टोफल व्यवस्थित. दिवसभर ऑफिसात इंग्लिशमध्ये मेल, मीटिंग, रिपोर्ट. मग इंग्लिश कच्चं कसं असेल? टोफल बघते की तुम्हाला इंग्लिश वापरता येतं का, जीआरईचं व्हर्बल बघतं की इंग्लिशमध्ये लिहिलेला विचार तुम्हाला धरता येतो का, आणि हे दोन एकच समजून लोक वर्षच्या वर्ष घालवतात.

त्या वर्डलिस्टची पण एक गंमत आहे. मी उघडून बघितली तर लिस्ट जुन्या जीआरईची. ऑगस्ट २०११ च्या आधी परीक्षेत अँटनिम आणि अ‍ॅनालॉजी असायचे, एक शब्द सुटा दिलेला आणि त्याचा विरुद्धार्थी शोधा, त्यात शब्द माहीत असला तर मार्क, नसला तर देवाचं नाव. तेव्हा स्कोअर पण २०० ते ८०० मध्ये यायचा. २०११ ला ते दोन्ही प्रकार काढून टाकले आणि आता शब्द नेहमी वाक्यात येतो. पण शब्द पाठ करायची परंपरा काही गेली नाही, ती मोठ्या भावाकडून धाकट्या भावाकडे पुस्तकांसोबत येतच राहिली. लिस्ट वाईट नसते. पण जी परीक्षा आता तशी होतच नाही तिची तयारी करायची म्हणजे उतरायचं एका स्टेशनवर आणि तिकीट काढायचं दुसऱ्याचं.

आताचं पेपरचं स्वरूप थोडक्यात, कारण पुढे लागेल. २२ सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली, पूर्वी पावणेचार तास चालायची ती आता १ तास ५८ मिनिटं. व्हर्बलचे दोन सेक्शन, पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. एकूण २७. पहिला सेक्शन कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं. सेक्शनच्या आत मात्र पुढेमागे जाता येतं, प्रश्न मार्क करून ठेवता येतो, उत्तर बदलता येतं, निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि सेक्शनमधल्या प्रत्येक प्रश्नाला वजन सारखं. हे शेवटचं तिला माहीतच नव्हतं, तिला वाटत होतं तीन ब्लँकवाल्याला, म्हणजे वाक्यातल्या तीन गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नाला, जास्त मार्क असणार.

तर पहिले आठ दिवस मी तिला अभ्यास करूच दिला नाही. तिने पॉवरप्रेपचे दोन्ही फ्री मॉक दिले होते, दोन्हीची रिव्ह्यू स्क्रीन उघडली, २७ आणि २७ असे ५४ प्रश्न, त्यातले ३० चुकलेले. प्रत्येक चुकीपुढे तिने फक्त एक गोष्ट लिहायची, नेमकं घोडं कुठे अडलं. "सिली मिस्टेक" हा शब्द लिहायला बंदी. सिली मिस्टेक असं काही नसतं, ते न बघितलेल्या चुकीला ठेवलेलं लाडाचं नाव असतं.

पहिल्या दिवशी तिने तिसातल्या वीस चुकांपुढे "व्होकॅब" लिहून आणलं. मी म्हटलं बरं, आता प्रत्येक प्रश्नात कुठला शब्द माहीत नव्हता तो लिही. तिथे गाडी अडली. लिहायला शब्दच सापडेनात. शेवटी जी वाटणी झाली ती अशी: खरंच अनोळखी शब्दामुळे गेलेले प्रश्न ६. शब्द ओळखीचा, पण भलत्याच अर्थाने घेतला, ७. शब्द सगळे माहीत पण वाक्य कुठल्या बाजूला वळतंय तेच कळलं नाही, ८. आणि पॅसेजचे, म्हणजे उतारा वाचून उत्तर द्यायचे, ९.

म्हणजे तीन महिने ज्याच्यावर घातले ते सहा प्रश्नांचं दुखणं होतं. त्या सहातही दोन शब्द असे की दिसतात एक आणि असतात दुसरंच. एनर्व्हेट म्हणजे तिला वाटलं एनर्जी देणं, असतं नेमकं उलटं, गळून जायला लावणं. नॉइसम म्हणजे तिला वाटलं गोंगाटाचं, त्याचा नॉइजशी काही संबंध नाही, म्हणजे घाण, दुर्गंधी येणारं. हे शब्द लिस्टमध्ये होते, कार्डवर पण होते, पण घाईत माणूस कार्ड आठवत नाही, कानाला जे वाटतं ते धरतो.

खरी मजा त्या सातांची. मला यावर थोडं जास्त लिहायचंय कारण हे मला पण तोवर असं लख्ख दिसलं नव्हतं.

एक प्रश्न असा होता, म्हणजे तो प्रश्न जसाच्या तसा नाही, मी त्याच वळणाचा एक बनवते. नव्या अहवालाने जुना दावा खोडून काढला नाही, तर त्याला डॅश केलं, दावा खरा पण फक्त छोट्या गटांपुरता. पर्याय पाच: रिफ्यूटेड, एंडोर्स्ड, क्वालिफाइड, डुप्लिकेटेड, ऑब्स्क्युअर्ड. उत्तर क्वालिफाइड. क्वालिफाय करणं म्हणजे विधानाला अट घालणं, त्याची धार थोडी कमी करणं, "खरंय, पण एवढ्यापुरतंच" असं म्हणणं. तिने एंडोर्स्ड मारलं होतं. मी विचारलं क्वालिफाइड का सोडलंस, तर म्हणाली, "ताई, तो मी बघितलाच नाही, दावा कसा क्वालिफाय होईल, माणूस क्वालिफाय होतो ना."

बघा काय झालंय. क्वालिफाय हा शब्द तिच्या डोक्यात इंग्लिश म्हणून नाहीच आहे. तो मराठी आहे. "ती फायनलला क्वालिफाय झाली." आपण दिवसभर हे शब्द मराठीत वापरतो आणि मराठीने त्यातला एकच अर्थ उचललाय, बाकीचे सगळे तिकडेच ठेवून दिलेत. सात चुकांपैकी सहा शब्द असलेच निघाले. चेक, आपल्याकडे तपासणं, पेपरमध्ये आवर घालणं. डिस्काउंट, आपल्याकडे सूट, पेपरमध्ये एखादी गोष्ट जमेस न धरणं, दुर्लक्ष करणं. एंटरटेन, आपल्याकडे करमणूक, पेपरमध्ये एखादी शक्यता मनात घोळवणं. कॉम्प्रमाइज, आपल्याकडे तडजोड, पेपरमध्ये कमकुवत करणं, धोक्यात आणणं. रिझर्व्हेशन, आपल्याकडे गाडीचं, पेपरमध्ये मनातली शंका. सातवा शब्द वाँट होता, हवं असणं नाही तर अभाव असणं, तो मराठीतला म्हणता येणार नाही पण जात तीच.

आणि यांचा त्रास असा की हे शब्द वर्डलिस्टमध्ये नसतात. असले तरी कुणी वाचत नाही. चेकचा अर्थ कोण पाठ करणार? प्युसिलॅनिमस बघून माणूस सावध होतो, चेक बघून होत नाही. अवघड शब्द निदान तोंडावर सांगतो की मी अवघड आहे.

मग मी तिला एक वही करायला लावली, नाव ठेवलं "घरचे शब्द". नियम एकच, मराठी बोलताना जो इंग्लिश शब्द तोंडातून जाईल तो संध्याकाळी डिक्शनरीत बघायचा, पहिला अर्थ सोडून खाली उतरायचं, दुसरा तिसरा चौथा. सुरुवातीला तिला हे पोरखेळ वाटलं. चार दिवसांनी स्वतःच फोन करून एकेक सांगायला लागली. "ताई, टेंडर म्हणजे राजीनामा सादर करणं पण होतं." "मेंटेन म्हणजे ठामपणे म्हणणं." "सँक्शन म्हणजे मंजुरी पण आणि निर्बंध पण, हे काय आहे, लोन सँक्शन झालं म्हणजे नेमकं काय झालं मग?" अरेस्ट म्हणजे वाढ थांबवणं, प्लास्टिक म्हणजे हवा तसा आकार घेणारं, अप्रिशिएट म्हणजे नीट उमजणं किंवा किंमत वाढणं, कन्सर्व्हेटिव्ह अंदाज म्हणजे हात राखून केलेला अंदाज, अ‍ॅडव्हान्स म्हणजे मत पुढे मांडणं. टेबल तर कहरच, प्रस्ताव टेबल केला म्हणजे ब्रिटिश इंग्लिशमध्ये चर्चेला घेतला आणि अमेरिकन इंग्लिशमध्ये बाजूला ठेवला. दोन महिन्यांत वहीत साधारण दीडशे शब्द झाले. अकराशेच्या लिस्टपेक्षा या दीडशेचा उपयोग जास्त झाला असं माझं मत आहे, मोजून सिद्ध करता येणार नाही, पण आहे.

आता त्या आठ चुका, शब्द माहीत असून वाक्य निसटलेल्या. इथे तिची सवय बघायला मी तिच्या शेजारी बसले. ती काय करायची, वाक्य एकदा भर्रकन वाचायचं आणि लगेच पर्यायांकडे, मग एकेक पर्याय ब्लँकमध्ये घालून मनात म्हणून बघायचं, कानाला जो गोड लागेल तो टिक. पर्याय बनवणारे लोक काही बावळट नसतात, पाचही पर्याय व्याकरणात बसतात, त्यातले दोनतीन वाक्याच्या विषयाशी जुळणारे असतात म्हणून गोडच लागतात.

तर पर्याय झाकायचे. अक्षरशः हाताने, स्क्रीनवर चिठ्ठी लावून. वाक्य वाचायचं, वळण कुठे आहे ते शोधायचं, ऑल्दो, डिस्पाइट, फार फ्रॉम, हार्डली, किंवा नुसता कोलन, आणि मग ब्लँकमध्ये स्वतःचा शब्द घालायचा, मराठीत. मराठीत का, तर इंग्लिशमध्ये घालायला गेली की तिला फॅशनेबल शब्द आठवायचा, अर्थ नाही.

पहिले काही दिवस हे पण बिघडलं. एक वाक्य होतं, साधारण असं: समीक्षकाने नाटकाचं कौतुक केलं खरं, पण ते इतकं डॅश होतं की दिग्दर्शकाला ती टीकाच वाटली. मी म्हटलं तुझा शब्द काय. म्हणाली, "वाईट."

"अगं, कौतुक वाईट म्हणजे काय?"

"म्हणजे निगेटिव्ह काहीतरी."

"निगेटिव्ह तर आहेच. पण कौतुक कसं केलं की ते टीकेसारखं वाटतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "हातचं राखून."

झालं. हातचं राखून म्हटल्यावर पर्यायांमधला ग्रजिंग आपोआप वर येतो आणि व्हिट्रिऑलिक, म्हणजे जहरी, आपोआप गळतो, कारण जहरी असेल तर ते कौतुकच राहत नाही. "वाईट" एवढ्यावर थांबली असती तर दोन्ही बसले असते आणि तिने जो जास्त भारी वाटतो तो, म्हणजे व्हिट्रिऑलिक, मारला असता, आधी तेच करत होती. तेव्हापासून "चांगलं" आणि "वाईट" हे दोन शब्द पण बंदीत गेले, सिली मिस्टेकच्या शेजारी.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये वेगळीच खोड होती. सहा पर्याय, दोन निवडायचे, दोन्ही बरोबर आले तरच मार्क. ती वाक्य न वाचताच सहातून समानार्थी जोडी शोधायची, कारण तशी ट्रिक तिला कुणीतरी सांगितलेली. ही ट्रिक सोप्या प्रश्नाला चालते आणि अवघडला तोंडघशी पाडते, कारण तिथे एक छान समानार्थी जोडी मुद्दाम ठेवलेली असते जी वाक्यात बसतच नाही. शिवाय बरोबर असलेले दोन शब्द अगदी समानार्थी असायलाच हवेत असं नाही, दोन्हींनी पूर्ण वाक्याचा अर्थ सारखा झाला पाहिजे एवढंच. तर इथे पण आधी वाक्य, मग आपला शब्द, मग पर्याय. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, आठवड्यात सुटलं.

पॅसेज सुटायला मात्र वेळ लागला आणि त्यात चूक माझी होती.

व्हर्बलमधले साधारण निम्मे प्रश्न वाचनाचे असतात. बहुतेक पॅसेज एकाच पॅरेग्राफचे, एखाददुसरा मोठा. विषय काहीही, जीवशास्त्र, इतिहास, कला, समाजशास्त्र, आणि उत्तर नेहमी पॅसेजमध्येच, बाहेरचं ज्ञान लागत नाही. मी तिला सांगितलं की रोज इंग्लिश मासिकांतले दोन मोठे लेख वाच, सवय होईल. तीन आठवडे तिने इमानदारीत वाचले. काही फरक पडला नाही. कारण ती लेख बातमीसारखे वाचत होती, काय झालं, कुणी केलं, इंटरेस्टिंग आहे, पुढे. वाचून झाल्यावर विचारलं तर विषय सांगायची, लेखकाचं म्हणणं सांगता यायचं नाही. असं वाचन वाढवून तीच सवय आणखी पक्की होत होती, आणि हा सल्ला मी आधी पण चारपाच जणांना छातीठोकपणे दिलेला आहे, त्यांची माफी.

मग लेख बंद. दिवसाला एक पॅरेग्राफ, सातआठ वाक्यांचा, आणि प्रत्येक वाक्यापुढे मराठीत लिहायचं की हे वाक्य काय काम करतंय. काय सांगतंय हे नको, काय काम करतंय. "जुनं मत सांगितलं." "त्याला पुरावा दिला." "इथून पलटी." "दुसरं कारण सुचवलं, पण सिद्ध केलं नाही." पॅरेग्राफमध्ये पक्षी असोत नाहीतर पंधराव्या शतकातली चित्रं, कामं तीच चारपाच असतात.

पक्षी म्हटलं कारण एक पॅसेज त्यावरच आम्ही बनवून घेतला होता. शहरातले काही पक्षी रानातल्या त्याच जातीच्या पक्ष्यांपेक्षा वरच्या पट्टीत गातात, ग्रेट टिट नावाच्या पक्ष्यात हे नोंदवलेलं आहे. नेहमीचं स्पष्टीकरण असं की रहदारीचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, त्यात गाणं बुडू नये म्हणून पक्षी पट्टी चढवतात. आणि पॅसेजचं शेवटचं वाक्य असं की गोंगाटात पक्षी मुळात मोठ्याने गातात, आणि मोठ्याने गायलं की पट्टी आपसूक चढते, तेव्हा पट्टी चढणं हा निव्वळ त्याचा साइड इफेक्ट असू शकेल. प्रश्न: शेवटच्या वाक्याचं काम काय?

तिने निवडलं, "गोंगाटाचा पक्ष्यांच्या गाण्यावर परिणाम होत नाही हे दाखवणं." बरोबर होतं, "एका निरीक्षणाचं वेगळं स्पष्टीकरण सुचवणं." आता बघा, शेवटचं वाक्य गोंगाटाचा परिणाम नाकारत नाहीचे, परिणाम आहेच, फक्त तो कुठल्या वाटेने होतो याबद्दल वेगळं म्हणणं आहे. पण तिने "पलटी" ओळखली आणि पलटी म्हणजे सगळंच खोटं असं धरून टाकलं. नऊपैकी चार चुका याच घराण्यातल्या होत्या, पर्याय दिशेने बरोबर पण पॅसेजपेक्षा जास्त जोरात बोलणारा. सिद्ध करणं, खोडून काढणं, नेहमी, कधीच नाही, केवळ. लेखक "असू शकेल" म्हणतोय आणि पर्याय "आहेच" म्हणतोय. दोन चुका अशा की पर्याय जगात खरा पण पॅसेजमध्ये नाही, तिला विषयाची माहिती होती म्हणून फसली. बाकीच्या तीन निव्वळ वेळेच्या.

वेळेचं एकदा मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बघितलं. १८ मिनिटांत १२ प्रश्न म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. तिने एका तीन ब्लँकवाल्या प्रश्नाला ४ मिनिटं ४० सेकंद दिले आणि तरी चुकली. तीन ब्लँक, प्रत्येकी तीन पर्याय, तिन्ही बरोबर आले तरच मार्क, अर्धे मार्क नाहीत, म्हणजे अंदाजाने बरोबर यायची शक्यता २७ मध्ये १. एका ब्लँकवाल्याला पाचात १. आणि मार्क दोन्हीला सारखेच! ज्या तीन प्रश्नांना शेवटी तिने घाईत काहीही मारलं त्यातले दोन मी नंतर शांतपणे तिच्याकडून सोडवून घेतले, दोन्ही दीड मिनिटाच्या आत बरोबर आले.

वेळेबाबत पण माझा पहिला उपाय फसला, तो सांगून टाकते. मी म्हटलं आधी ब्लँकवाले सगळे कर, पॅसेज शेवटी. कागदावर छान वाटतं. मॉकमध्ये झालं काय की शेवटी सगळे पॅसेज एकत्र आले, वेळ थोडा, पोटात गोळा, आणि वाचताना एकेक ओळ तीनतीनदा. मग साधा नियम केला, क्रमानेच जायचं, कुठलाही प्रश्न दोन मिनिटांच्या वर गेला की जे वाटतं ते टिक करून मार्क करायचा आणि सुटायचं, मोठा पॅसेज तेवढा मागे ठेवायचा. एवढं साधं. तिला सुटायलाच जमत नव्हतं ही खरी गोष्ट, टेस्टिंगवाली बाई, बग सापडेपर्यंत हलणार नाही. तिला म्हटलं ऑफिसात काय करतेस, एका बगवर रिलीज अडवून ठेवतेस का? म्हणाली, हो, अडवते. तर तिथे माझं उदाहरण पण फसलं.

एकूण अकरा आठवडे झाले, नोकरी सांभाळून, दिवसाला दीड तासाच्या आसपास. मॉक फार दिले नाहीत, दर दोन आठवड्याला एक, आणि मॉकपेक्षा त्याचं पोस्टमॉर्टेम मोठं. स्कोअर सरळ चढला असं पण नाही. चौथ्या आठवड्यात १५१ आले, सहाव्यात परत १४९, त्या दिवशी ती बोललीच नाही माझ्याशी. मला वाटतं जुनी पद्धत सुटली होती आणि नवी अंगवळणी पडायची होती, मधल्या काळात असं होतं, गाडी शिकताना गिअर बघायला लागलं की रस्ता सुटतो तसं. आठव्यात १५४.

परीक्षेला सेंटरवर गेली. तिथे शेवटी व्हर्बल आणि क्वांटचा अनऑफिशियल स्कोअर लगेच स्क्रीनवर दिसतो. दुपारी मेसेज आला, "१५६." क्वांट १६२, एक मार्क घसरलं, त्याचं तिला दुःख नाही. पेपरात काय आलं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, प्रश्न बाहेर सांगणार नाही असं परीक्षेआधी कबूल करून घेतात. एवढंच म्हणाली की "घरच्या शब्दां"तला एक आला होता आणि तो बघून तिला हसू आलं, शेजारचा बघायला लागला.

टार्गेट १६० होतं, ते झालं नाही. तिच्याकडून कळलं त्यावरून दुसरा सेक्शन अवघडवाला आला होता आणि त्यात मोठ्या पॅसेजला वेळ पुरला नाही, म्हणजे ती खोड पूर्ण गेलेली नाहीये. दोन परीक्षांमध्ये २१ दिवसांचं अंतर ठेवावं लागतं आणि बारा महिन्यांत पाचदा देता येते, तेव्हा तिसऱ्यांदा द्यायला वाव होता, मी म्हटलं पण दे म्हणून. तिने हिशोब मांडला, स्टेटमेंट ऑफ पर्पज अजून कोरं, दोन रेकमेंडेशन यायचीत, आणि चार मार्कांसाठी आणखी दोन महिने. स्कोअर पाच वर्षं चालतो, यंदा नाही झालं तर बघू म्हणाली. अकराशे शब्दांची ती लिस्ट तिने चुलतभावाला परत केली, वही माझ्याकडे दिलीये, पुढच्या येणाऱ्यासाठी. त्यात शेवटची एंट्री "पास" आहे, अर्ध्या पानाची, आणि अर्थ अजून संपलेले नाहीत.